नमुना क्रमांक ४७

फैजपुरात मे महिन्यात
पाणी नुसतं उघडं ठेवलं तरी चोरीला जातं.
टाकीतलं रोज दोन मग उडतं, मीठ मागे राहतं,
म्हणून वरून ओतायचं ते गोडं पाणी,
आणि तेही प्लास्टिकच्या मगानं,
कारण तांबं या मंडळींना विष.
हे समजावता समजावता माझा चहा गार झाला
आणि झिपरूअण्णा म्हणाले,
"काहाले रे भाऊ, अठी केयीले पानी नही,
अन् तू मीठ कालवून राह्यला!"

तीस वर्षं प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होतो.
समुद्र मला बरण्यांतूनच ठाऊक.
फॉर्मालिनमध्ये पिवळा पडलेला तारामासा,
काटे झडलेला साळू,
खाणारा आणि खाल्ला जाणारा एकाच फळीवर,
झाकणं घट्ट.
तिथे सगळ्यांचं सगळ्यांशी जमायचं.

आता जिवंत निवडायचेत.

सहा आठवडे टाकीत नुसते दगड.
भाची तेजल रोज विचारते, "मामा, काय आलं?"
अमोनिया आला होता. आता गेलाय.
त्याच्या मागून जो येतो, तो जायची वाट बघतोय.

तोवर वहीत लिहितो, खोडतो.
समुद्रफूल देखणं, पण एका जागी बसत नाही,
रात्री सरकत सरकत शेजाऱ्याला डसतं. खोडलं.
तारामासा नव्या टाकीत उपाशी मरतो,
हळूहळू, हातांच्या टोकांपासून.
मेलेला मी पुष्कळ पाहिलाय. खोडलं.
साळू शेवाळ खाईल, पण दगड पाडत हिंडेल.
पुढच्या वर्षी.
सफाईवाल्या कोळंब्या, दोन.
शंखाच्या गोगलगाई, पाच.
संन्यासी खेकडा, एक.

इथे पेन अडलं.
नाव संन्यासी, पण घराची हाव सुटलेली नाही.
गोगलगाईचा शंख मनात भरला
तर आधी गोगलगाय संपवतो, मग राहायला जातो.
अशी स्थळं सोयरिकीतही पाहिलीत.
प्रमिला लसूण सोलता सोलता म्हणाली,
"त्याला चार रिकामी घरं देऊन ठेवा. लहान-मोठी.
मग बघा."

फैजपुरात शंख कुठून आणू?
एक देवघरात आहे.
तो मागायची माझी छाती नाही.

मग माळ्यावरचा डबा आठवला.
विभाग बंद झाला, कपाट भंगारात गेलं,
तेव्हा सायकलच्या कॅरिअरला बांधून
मी एवढंच आणलं होतं:
कापसात गुंडाळलेले सुके शंख,
प्रत्येकावर काळ्या शाईत आकडा.
तीनदा उकळले. आकडे गेले नाहीत.

भुसावळच्या पार्सल ऑफिसात रात्री अडीच वाजता
थर्माकोलचं खोकं आलं.
"काय आहे यात?"
मला "समुद्र" म्हणायचा मोह झाला.
"कोळंबी," म्हणालो.
"दोनच? कुणाला पुरणार?" तो म्हणाला आणि शिक्का मारला.

घरी नळीला गाठ मारून
थेंब थेंब पाणी, दोन तास,
जुन्या खारटातून नव्या खारटात.
मध्येच लाइट गेली. बॅटरीवर पंप घरघरत राहिला.
मी पंख्याविना, ते बुडबुड्यांसह.

चौथ्या दिवशी पाचातली एक गोगलगाय
वाळूवर उलटी पडलेली, आत कोणी नाही.
त्यानं मारली की प्रवासानं,
मला सांगता येणार नाही.
तिच्या शंखात तो गेला नव्हता.
तो डाव्या कोपऱ्यातून येत होता,
काचेला लागून, घाई न करता,
पाठीवर सत्तेचाळीस.

एकोणीसशे एकोणनव्वदचं माझं अक्षर
माझ्यासमोरून चालत गेलं,
दगडावर चढलं, घसरलं, पुन्हा चढलं.

तेजल म्हणाली, "मामा, हे चार आणि काय?"
सात आहे गं.
सातचा वळसा तेव्हा मला
नीट जमत नसे.